हप्ता थांबवायचा तर तारखेच्या आधी

बदलीची ऑर्डर आली की अलोऱ्याच्या कोयना वसाहतीतलं बिऱ्हाड टेम्पोत भरलं जातं. मुलांचे शाळेचे दाखले, गॅसचं कनेक्शन, रेशनकार्ड, सगळं आठवणीने हलवलं जातं. इथल्या शाखेतल्या खात्यावर चालू असलेली ऑटो डेबिटं मात्र कोणाच्या यादीत नसतात. पगार नव्या गावच्या खात्यात जमा होऊ लागतो आणि जुन्या खात्यावर विम्याचा हप्ता, एसआयपी, कधीकाळी घेतलेल्या फ्रिजची ईएमआय येऊन परत जाऊ लागते. दर वेळी ‘रिटर्न चार्जेस’ आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी. शिल्लक शून्यावर आली की पुढे पैसे जमा होतील तेव्हा बँक आपलं राहिलेलं शुल्क आधी वळतं करून घेते.

हे फक्त बदलीवाल्यांचं दुखणं नाही. खडपोली-लोट्याच्या कारखान्यांत नोकरी बदलणारे, निवृत्त होऊन गावी परतलेले, मुंबईत खातं आणि शिरगाव-पोफळीत घर असलेले चाकरमानी या सगळ्यांच्या खात्यांवर अशा जुन्या परवानग्या पडून असतात. त्या वेळेत कशा बंद करायच्या आणि कोणत्या बंद करू नयेत, ते या लेखात पाहू.

सुरुवातीला एक गोष्ट पक्की करून घ्या, कारण बहुतेक घोळ तिथेच होतो. पैसे देणं लागणं ही एक बाब आणि खात्यातून पैसे कापून घेण्याची परवानगी ही दुसरी. कर्ज फिटलं म्हणून परवानगी आपोआप संपत नाही. परवानगी काढून घेतली म्हणून कर्ज फिटत नाही. दोन्ही बाबी वेगवेगळ्या मिटवाव्या लागतात, आणि दोन वेगळ्या ठिकाणी.

परवानगी कोणकोणत्या रूपात असते

खात्यातून परस्पर वसुली करण्याच्या परवानगीला बँकेत ‘मँडेट’ म्हणतात. तिचे चार प्रकार नेहमी भेटतात.

पहिला नॅच. पूर्वीच्या ईसीएसची जागा आता यानेच घेतली आहे आणि ही व्यवस्था नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन म्हणजे एनपीसीआय चालवते. कर्जाचे हप्ते, विम्याचे हप्ते आणि म्युच्युअल फंडाच्या एसआयपी बहुतेक याच मार्गाने जातात. मँडेट कागदी फॉर्मवर सही करून देता येतं, तसंच नेट बँकिंग, डेबिट कार्ड किंवा आधारच्या ओटीपीवर ऑनलाइनही देता येतं.

दुसरा प्रकार डेबिट किंवा क्रेडिट कार्डावरचं ई-मँडेट. तिसरा यूपीआय ऑटोपे, जो एनपीसीआयने जुलै २०२० मध्ये आणला. चौथा बँकेला थेट दिलेली स्थायी सूचना, म्हणजे स्टँडिंग इन्स्ट्रक्शन. त्याच बँकेतलं रिकरिंग खातं, लॉकरचं भाडं, सरकारी विमा योजनांचे हप्ते ही त्याची उदाहरणं.

परवानगी ज्या वाटेने दिली त्याच वाटेने ती रद्द करावी लागते. फोनवरून दिलेलं ऑटोपे काउंटरवर अर्ज देऊन बंद करायला गेलात तर हेलपाटा पडण्याची शक्यता जास्त. उलट, दहा वर्षांपूर्वी सही करून दिलेलं कागदी मँडेट यूपीआय अ‍ॅपमध्ये दिसणारच नाही.

आधी पासबुक भरून आणा

काय रद्द करायचं ते ठरवण्याआधी काय काय चालू आहे ते शोधायला हवं. शाखेतल्या मशीनवर पासबुक भरून घ्या किंवा एका वर्षाचं स्टेटमेंट काढा. तीन महिन्यांचं पुरत नाही, कारण वर्षातून एकदाच कापले जाणारे हप्ते त्यात सापडत नाहीत. तपशिलाच्या रकान्यात इंग्रजी अक्षरांत एसीएच, एनएसीएच, ईसीएस, एसआय किंवा मँडेट असं छापलेलं दिसलं की त्या ओळीवर पेन्सिलीने खूण करा.

प्रत्येक खुणेसाठी वहीत चार गोष्टी लिहा: कोणाच्या नावे, किती रुपये, कोणत्या तारखेला, कशासाठी. ‘कशासाठी’ या रकान्यात उत्तर सापडलं नाही तर ती ओळ सगळ्यात आधी चौकशीची. गावातल्या अनेक पासबुकांत अशी एखादी ओळ निघतेच. दिवाळीत चिपळूणच्या दुकानातून हप्त्यावर टीव्ही घेताना सोबत गळ्यात पडलेल्या कार्डाची वार्षिक फी, मोबाइलच्या विम्याचा हप्ता, किंवा मुलाने पाहून सोडून दिलेल्या एखाद्या अ‍ॅपची वर्गणी.

कागदी मँडेटची प्रत जपून ठेवली असेल तर ती काढा. त्या लहानशा फॉर्मवर तीन चौकटी असतात: नवीन, दुरुस्ती आणि रद्द. म्हणजे रद्द करण्याची सोय फॉर्ममध्येच छापलेली असते. खाली बारीक अक्षरांत असंही लिहिलेलं असतं, की कंपनीला किंवा आपल्या बँकेला योग्य रीतीने कळवून हे मँडेट बदलण्याचा वा रद्द करण्याचा अधिकार खातेदाराला आहे. काउंटरवर कोणी ‘हे आमच्याकडून होत नाही, कंपनीलाच सांगा’ म्हणालं तर हीच ओळ दाखवा.

त्याच फॉर्मवर आणखी दोन जागा नीट वाचा. रक्कम ‘ठरावीक’ आहे की ‘कमाल’? कर्जाचा हप्ता साडेचार हजारांचा आणि मँडेटवर कमाल रक्कम दहा हजार, असं सर्रास आढळतं. तेवढ्या मर्यादेपर्यंत कापून घ्यायची मुभा तुमच्या सहीने दिलेली असते. दुसरी जागा मुदतीची. जुन्या फॉर्मवर ‘रद्द करेपर्यंत’ या चौकटीत खूण असेल तर ते मँडेट स्वतःहून कधीच संपणार नाही.

फॉर्मच्या वरच्या बाजूला वीस अक्षर-अंकांचा एक क्रमांक असतो. तो यूएमआरएन, म्हणजे तुमच्या मँडेटची ओळख. नोंदणीच्या वेळी आलेल्या एसएमएसमध्ये, नेट बँकिंगच्या मँडेट यादीत किंवा शाखेत विचारून तो मिळतो. एकाच कंपनीची दोन मँडेटं असतील तर या क्रमांकाशिवाय भलतंच रद्द होऊ शकतं.

२२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात अनेक घरांची कपाटंच्या कपाटं पाण्यात गेली, त्यात कर्जाचे आणि विम्याचे कागदही गेले. म्हणून मँडेटच्या प्रतीचा फोटो काढून घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवरही पाठवून ठेवा.

‘वेळेत’ म्हणजे किती आधी

हप्त्याची तारीख ५ असेल तर ४ तारखेला बँकेत जाऊन उपयोग नाही. वसुलीची यादी कंपनीकडून तिच्या बँकेकडे, तिथून एनपीसीआयकडे आणि तिथून तुमच्या बँकेकडे आधीच निघालेली असते. त्या यादीत तुमचं नाव गेलं की शाखेतल्या माणसाच्या हातात फारसं काही उरत नाही.

यात सुट्ट्यांचा एक पेच आहे. १ ऑगस्ट २०२१ पासून नॅचची वसुली आठवड्याचे सातही दिवस चालते. रविवार असो वा गौरी-गणपतीची सुट्टी, हप्ता कापला जातो. शाखा मात्र रविवारी आणि दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बंद असते. ‘सोमवारी जाऊन थांबवू’ म्हणेपर्यंत रविवारी पैसे गेलेले असतात. म्हणून दिवस मोजताना बँकेच्या कामाचे दिवस मोजा.

साधारण अंदाज असा धरावा.

कागदी नॅच मँडेट: हप्त्याच्या तारखेआधी पंधरा दिवस. अर्ज शाखेतून बँकेच्या केंद्रीय कार्यालयात जातो आणि तिथे नोंद व्हायला वेळ लागतो.

नेट बँकिंगवरून दिलेलं मँडेट: आठवडाभर आधी. स्क्रीनवर ‘विनंती मिळाली’ दिसणं आणि ‘रद्द झालं’ दिसणं यात फरक आहे. दुसरा शब्द दिसेपर्यंत काम संपलेलं नाही.

एसआयपी: पूर्वी फंड कंपन्या दहा कामाचे दिवस मागायच्या. डिसेंबर २०२४ पासून रद्द करण्याचा अर्ज दोन कामाच्या दिवसांत निकाली काढायचा नियम आहे. तरी चार-पाच दिवस हाताशी ठेवलेले बरे.

कार्डावरचं ई-मँडेट आणि यूपीआय ऑटोपे: रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी तुम्हाला सूचना यायला हवी आणि त्या सूचनेवरून तो एक व्यवहार किंवा अख्खं मँडेट नाकारण्याची सोय हवी. कार्डांसाठी हे १ ऑक्टोबर २०२१ पासून काटेकोरपणे लागू झालं. त्या दिवशी नव्या पद्धतीत न बसणाऱ्या कित्येक वर्गण्या देशभर एकदम बंद पडल्या होत्या. फास्टॅगचा आपोआप होणारा रिचार्ज या आगाऊ सूचनेतून वगळलेला आहे, तेवढं लक्षात ठेवा.

ती सूचना येते बँकेत नोंदवलेल्या मोबाइल क्रमांकावर. मुंबईतलं जुनं सिम बंद पडलं असेल आणि बँकेत तोच क्रमांक असेल, तर २४ तास आधीची सूचना कोणापर्यंतच पोचणार नाही. त्यामुळे मोबाइल क्रमांक बदलला की पहिली चक्कर बँकेची. कर्जाच्या नॅच हप्त्यासाठी वित्त कंपन्या आठवणीचे मेसेज पाठवतात खरे, पण त्यांच्यावर विसंबून राहू नये.

दोन्ही दारी कळवा

आता प्रत्यक्ष रद्द करण्याकडे येऊ. क्रम असा ठेवा.

आधी ज्यांच्या नावे मँडेट आहे त्या कंपनीला लिहा. ईमेल केलात तर उत्तम, कारण तारीख-वेळेसह पुरावा राहतो. वर्गणी, पॉलिसी किंवा एसआयपी बंद करायची आहे आणि सोबत मँडेटही रद्द करावं, अशा दोन्ही मागण्या त्यात स्पष्ट लिहा. एसआयपीच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचं. एसआयपी बंद होते आणि एकदाच दिलेलं मोठ्या मर्यादेचं मँडेट खात्यावर तसंच राहतं. त्यावर उद्या नवी एसआयपी सुरू करता येते.

मग बँकेला कळवा. फक्त कंपनीला सांगून थांबलात तर तिच्याकडून फाइल चुकून पुन्हा येऊ शकते. फक्त बँकेला सांगितलंत तर कंपनीच्या दप्तरी तुम्ही थकबाकीदार ठरता. शाखेत द्यायचा अर्ज असा लिहिता येईल.

प्रति,
शाखा व्यवस्थापक,
(बँकेचे नाव व शाखा)

विषय : खात्यावरील नॅच मँडेट रद्द करण्याबाबत.

महोदय,
आपल्या शाखेतील माझ्या बचत खाते क्र. ............ वर ............ या कंपनीच्या नावे मँडेट नोंदलेले आहे. मँडेट क्रमांक (यूएमआरएन) ............, कमाल रक्कम रु. ............, पुढील वसुलीची तारीख ............. सदर मँडेट रद्द करून यापुढे त्यावरील कोणतीही वसुली मान्य करू नये, ही विनंती. कंपनीला दि. ............ रोजी लेखी कळवले असून त्याची प्रत सोबत जोडली आहे. मँडेट रद्द झाल्याचे मला माझ्या नोंदणीकृत मोबाइल क्रमांकावर अथवा लेखी कळवावे.

आपला विश्वासू,
(खात्यावर आहे तशीच सही)

अर्ज दोन प्रतींत न्या. एक प्रत बँकेकडे, दुसरीवर शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही. ‘ठेवून जा, करतो’ असं आपुलकीने सांगितलं गेलं तरी पोच घेतल्याशिवाय उठू नका. गावच्या शाखेत सगळे ओळखीचे असतात, आणि नेमक्या त्यामुळेच पोच मागायला संकोच वाटतो. तो बाजूला ठेवा. पुढे तक्रार करायची वेळ आली तर ओळख कामी येत नाही, शिक्का येतो. खातं संयुक्त असेल आणि दोघांच्या सहीने चालत असेल, तर अर्जावरही दोघांच्या सह्या लागतील. रद्द करण्यासाठी बँक काही शुल्क घेते का, तेही तिथेच विचारा.

हप्त्याच्या तारखेला आणि त्यानंतर दोन दिवस खातं पाहा. पुढच्या महिन्यातही एकदा पाहा. मगच वहीतल्या त्या ओळीवर काट मारा.

खातं रिकामं ठेवण्याची युक्ती

‘अर्ज-बिर्ज कशाला, खात्यात पैसेच ठेवायचे नाहीत’ हा सल्ला चहाच्या टपरीवर फुकट मिळतो आणि भलताच महाग पडतो. शिल्लक नाही म्हणून हप्ता परत गेला की बँकेचं शुल्क वेगळं आणि कर्ज देणाऱ्याचा दंड वेगळा. काही कंपन्या एकाच महिन्यात पुन्हा पुन्हा वसुली पाठवतात आणि दर वेळी बँकेचं शुल्क नव्याने लागू शकतं. हप्ता चुकल्याची नोंद सिबिलसारख्या संस्थांकडे जाते ती वेगळीच. पुढे घरासाठी कर्ज मागायला गेल्यावर ती समोर येते.

याहून गंभीर बाब कायद्याची आहे. चेक न वटल्यास खटला होऊ शकतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. इलेक्ट्रॉनिक वसुलीलाही तशीच तरतूद आहे. पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ च्या कलम २५ नुसार देणं असलेल्या रकमेची वसुली अपुऱ्या शिल्लकीमुळे परत गेली तर दोन वर्षांपर्यंत कैद, रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याआधी समोरच्याने लेखी नोटीस द्यावी लागते आणि पैसे भरायला पंधरा दिवसांची मुदत मिळते. अशी नोटीस आली तर ती बाजूला टाकू नका, त्या पंधरा दिवसांत पैसे भरा किंवा वकील गाठा.

कर्जाचा हप्ता झेपत नसेल तर मँडेट तोडण्याआधी कर्ज देणाऱ्याकडे जाऊन मुदत वाढवून मागा किंवा हप्त्याची तारीख बदलून घ्या. पगार ७ तारखेला आणि हप्ता ५ तारखेला असला तरी दर महिन्याला बाउन्स होतो. तारीख पुढे सरकवली की तो त्रास मिटतो.

विम्याचंही तसंच. मँडेट रद्द केलं आणि दुसऱ्या मार्गाने हप्ता भरायचा राहिला, तर मासिक हप्त्याच्या जीवन विमा पॉलिसीला १५ दिवसांची आणि तिमाही, सहामाही वा वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते. ती उलटली की पॉलिसी लॅप्स. आरोग्य विम्यात खंड पडला तर जुन्या आजारांसाठी काढलेला प्रतीक्षा काळ पुन्हा पहिल्यापासून मोजला जाऊ शकतो. अटल पेन्शन योजनेतून साठीच्या आधी बाहेर पडल्यास स्वतःची वर्गणी आणि तिच्यावरचं उत्पन्न एवढंच परत मिळतं. म्हणून ‘हे काय दर महिन्याला जातंय’ म्हणत रागाच्या भरात काही तोडू नका.

२० रुपये आणि ४३६ रुपये

गावाकडच्या पासबुकांत वर्षातून एकदा दोन लहान ओळी हमखास दिसतात. २० रुपयांची ओळ प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेची आणि ४३६ रुपयांची प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजनेची. दोन्ही योजना मे २०१५ मध्ये सुरू झाल्या. आधीचे १२ आणि ३३० रुपयांचे हप्ते १ जून २०२२ पासून वाढले. विम्याचं वर्ष १ जून ते ३१ मे असं धरतात आणि हप्ता मेच्या शेवटच्या आठवड्यात, साधारण २५ तारखेपासून, आपोआप कापला जातो.

घोळ असा होतो, की एकाच माणसाची खाती दोन-तीन बँकांत असतात. एक जिल्हा बँकेत, एक राष्ट्रीयीकृत बँकेत, एक नोकरीच्या ठिकाणी. खातं उघडताना प्रत्येक ठिकाणी विम्याच्या फॉर्मवर सही घेतली जाते आणि मग मे महिन्यात दोन ठिकाणाहून ४३६ रुपये जातात. भरपाई मात्र एकाच खात्यावर मिळते, दोन लाखांच्या मर्यादेत. दुसऱ्या खात्यातून गेलेला हप्ता वाया जातो.

म्हणून १५ मेच्या आत घरातल्या प्रत्येकाची सगळी पासबुकं एकत्र काढा. गेल्या वर्षी मे-जूनमध्ये या दोन ओळी कुठे कुठे दिसतात ते पाहा. एक खातं ठेवा, तेही ज्यात नियमित पैसे येतात आणि ज्यात वारसाचं नाव बरोबर आहे असं. बाकीच्या खात्यांसाठी शाखेत लेखी अर्ज देऊन ऑटो डेबिटची संमती मागे घ्या. चुकून सगळीकडून बंद करू नका. जीवनज्योतीत नव्याने नाव घातलं तर अपघाती मृत्यू सोडून इतर कारणांसाठी पहिले तीस दिवस संरक्षण मिळत नाही. शिवाय पन्नाशी उलटल्यावर नव्याने प्रवेशच नाही. आधीपासून असलेल्यांना ५५ पर्यंत चालू ठेवता येतं.

याची दुसरी बाजूही आहे. घरातलं कोणी गेलं तर खातं बंद करण्याच्या घाईत या ओळी नजरेआड होतात. वडील गेल्यावर मुलाने त्यांचं पासबुक उघडून आधी वर्षभराच्या वजावटी पाहाव्यात. ४३६ ची ओळ असेल तर मृत्यू कोणत्याही कारणाने झालेला असो, दोन लाखांचा दावा होऊ शकतो. २० ची ओळ असेल आणि मृत्यू अपघाती असेल तर आणखी दोन लाखांचा. घरच्यांना ठाऊक नसलेली एखादी विमा पॉलिसीही अशाच एखाद्या वजावटीवरून सापडते. मग बँकेला मृत्यूचा दाखला देऊन बाकीची मँडेटं थांबवावीत.

कर्ज फिटलं, गाव बदललं

शेवटचा हप्ता गेला की तीन कागद मागा: नो ड्यूज म्हणजे येणं नसल्याचा दाखला, कर्ज खातं बंद झाल्याचं स्टेटमेंट आणि मँडेट रद्द केल्याचं पत्र. पहिले दोन सगळे मागतात, तिसरा राहून जातो. गाडी असेल तर एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचा बोजा उतरवायला आरटीओचं काम करावं लागतं. घर किंवा जमीन तारण असेल तर पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागद परत मिळायला हवेत. कर्ज देणाऱ्याच्या चुकीने उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे.

मुदतीआधी कर्ज फेडत असाल तर पुढच्या हप्त्याच्या तारखेपासून लांबचा दिवस निवडा. ३ तारखेला सगळी रक्कम भरली आणि ५ ला हप्ता पुन्हा गेला, असं घडतं. तो परत मिळतो, पण त्यासाठी मागे लागावं लागतं.

बदली किंवा नोकरी बदलामुळे खातं बदलताना क्रम उलटा ठेवा. आधी नव्या खात्यावर मँडेट नोंदवा, त्यातून पहिला हप्ता गेल्याची खात्री करा आणि मग जुनं मँडेट रद्द करा. तोवर जुन्या खात्यात एका हप्त्याएवढी शिल्लक राहू द्या. ज्यांचं खातं विदर्भ कोकण ग्रामीण बँकेत होतं त्यांची बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली आहे. अशा विलीनीकरणानंतर आपली मँडेटं नव्या नोंदींत नीट आली आहेत का, हे एकदा शाखेत विचारून घ्यावं.

फोनमधली मँडेटं

यूपीआय अ‍ॅपमध्ये ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ नावाचा विभाग असतो. तिथे चालू, थांबवलेली आणि संपलेली मँडेटं वेगवेगळी दिसतात. हवं ते उघडून ‘पॉज’ किंवा ‘कॅन्सल’ करता येतं. फोनमध्ये दोन-तीन यूपीआय अ‍ॅप असतील तर प्रत्येकात पाहा.

फोनवरून अ‍ॅप काढून टाकलं म्हणजे वर्गणी बंद झाली, हा गैरसमज फार पसरलेला आहे. अ‍ॅप जातं, मँडेट राहतं. आधी त्या अ‍ॅपमध्ये वर्गणी रद्द करा, मग यूपीआयमध्ये मँडेट रद्द करा आणि शेवटी हवं तर अ‍ॅप काढा. ‘फक्त १ रुपयात सात दिवस’ अशा जाहिरातीत तो रुपया भरताना सहसा पुढच्या वर्गणीचं मँडेटच दिलं जातं. पिन टाकण्याआधी स्क्रीनवरची कमाल रक्कम आणि शेवटची तारीख वाचा. १५,००० रुपयांपर्यंतचे पुढचे व्यवहार दर वेळी पिन न विचारता होतात. विम्याचा हप्ता, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाचं बिल यांसाठी ही मर्यादा एक लाख आहे.

वर्गणी घेणं सोपं आणि सोडणं मुद्दाम अवघड करून ठेवणं, यालाही आता कायद्याने आक्षेप घेतलेला आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘डार्क पॅटर्न’विरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली, त्यात वर्गणीचा सापळा हा एक प्रकार आहे. अशी तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करता येते.

‘तुमचं ऑटो डेबिट रद्द करून देतो, पाठवलेली लिंक उघडा’ असा फोन आला तर तो ठेवून द्या. रद्द करण्यासाठी कोणालाही ओटीपी सांगावा लागत नाही आणि फोनची स्क्रीन दाखवावी लागत नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन आणि त्याच दिवशी बँकेला लेखी खबर.

तरीही पैसे गेले तर

पोच हातात असूनही हप्ता कापला गेला तर त्याच दिवशी बँकेकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या आणि पोचेची प्रत जोडा. मँडेट रद्द झाल्यानंतरची ही वसुली परत जमा करावी, एवढंच मोजकं लिहा. मँडेट तुम्ही दिलंच नव्हतं अशी परिस्थिती असेल तर दिवसांचं महत्त्व आणखी वाढतं. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार त्रयस्थाने केलेला अनधिकृत व्यवहार तीन कामाच्या दिवसांत बँकेला कळवला आणि त्यात तुमची चूक नसेल, तर नुकसान तुमच्या माथी येत नाही. सातव्या दिवसापर्यंत थोडा भार, त्यापुढे बँकेच्या धोरणाप्रमाणे.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्यांच्या सीएमएस पोर्टलवर तक्रार भरता येते, १४४४८ वर माहिती मिळते आणि शुल्क काहीही नाही. वकीलही लागत नाही. लागते ती तारखेची पोच.

वर्षातून दोनदा, एकदा १५ मेच्या आधी आणि एकदा दिवाळीनंतर, वहीतली यादी पासबुकाशी ताडून पाहा. यादीवर शेवटी एक रकाना वाढवा: ‘माझ्यामागे हे कोणी पाहायचं’. तिथे घरातल्या एकाचं नाव लिहा आणि त्या माणसाला वही कुठे ठेवली आहे ते आजच सांगून ठेवा.